वीस सेकंदांच्या फ्रेम

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस सरला, गच्चीवरचे शेवाळ वाळले आणि चार महिने सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत बंद असलेल्या दुर्बिणीच्या आरशाला बुरशी लागली नाही याची खात्री झाली, की आम्हा हौशी आकाशनिरीक्षकांचे वर्ष सुरू होते. घरच्या दुर्बिणीतून दूरच्या दीर्घिकांची, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांची, छायाचित्रे कशी घेतात, याविषयी आज बोलायचे आहे. खरे सांगायचे तर हा विषय मी एका कुलूपवाल्याच्या हकिगतीसाठी निवडला आहे; तिच्याकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी आवश्यक तेवढ्याच सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, दीर्घिकेचे छायाचित्र घेताना अडचण आकाराची नसते, उजेडाची असते. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही छायाचित्रात तिची लांबी पौर्णिमेच्या सहा चंद्रांएवढी भरते, आणि तरीही शहरातल्या गच्चीवरून ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘पाचशे पट मोठे दाखवणारी’ अशी जाहिरात करून विकली जाणारी दुर्बीण कृपया घेऊ नका. आरशाचा व्यास किती आहे ते पाहा, आणि त्याहूनही दुर्बीण ज्यावर उभी राहते ते माउंट पाहा. कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात आणि त्यांच्यामागे दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटचा आस ध्रुवाकडे नीट रोखलेला नसेल, तर ताऱ्यांचे ठिपके न उमटता रेघा उमटतात.

दुसरी गोष्ट खरखरीची. रेडिओवर केंद्र नीट लागले नाही की जी खरखर ऐकू येते, तशीच कॅमेऱ्याच्या प्रत्येक फ्रेममध्येही असते. लिव्हरपूलजवळ राहणारे आयझॅक रॉबर्ट्स यांनी २९ डिसेंबर १८८८ रोजी २० इंची दुर्बिणीतून देवयानीचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, तेव्हा छायाचित्राची एकच काच कित्येक तास उघडी ठेवावी लागली होती. शहराच्या उजळलेल्या आकाशात तसे केले तर सगळी फ्रेम पांढुरकी होऊन जाते. म्हणून आपण वीस-तीस सेकंदांच्या शंभर फ्रेम घेतो आणि संगणकावर त्या एकमेकींवर रचतो. दीर्घिका प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असते, खरखर मात्र दर वेळी वेगळी असते. त्यामुळे शंभर फ्रेम एकत्र केल्या की दीर्घिकेच्या तुलनेत खरखर दहा पटीने कमी होते. पुन्हा सांगतो: फ्रेम लहान घ्यायच्या आणि पुष्कळ घ्यायच्या. (आमच्या इमारतीच्या फाटकावर बसवलेला नवा पांढरा दिवा रस्त्यापेक्षा आमच्या गच्चीवरच्या टाकीलाच अधिक उजळतो, आणि त्याने आजवर एकही चोर पकडून दिलेला नाही, पण तो विषय सोसायटीच्या सभेतला आहे.)

आता ती हकिगत. अर्जेंटिनात रोसारियो नावाचे मोठे शहर आहे. तेथील व्हिक्टर बुसो हे व्यवसायाने कुलूपवाले. दिवसा कुलपे-किल्ल्यांचे काम आणि रात्री आकाश, असा त्यांचा क्रम होता. घराच्या छतावर त्यांनी स्वतःची छोटी वेधशाळा उभारली होती आणि तीत ४० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बसवली होती. जागतिक वेळेनुसार २० सप्टेंबर २०१६ ची ती रात्र. नवा कॅमेरा आला होता आणि तो नीट चालतो की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. रोसारियोच्या आकाशात जवळजवळ डोक्यावरून जाणारी एनजीसी ६१३ ही सर्पिल दीर्घिका त्यांनी त्यासाठी निवडली. ही दीर्घिका सुमारे आठ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे तिचा प्रकाश तेथून निघाला तेव्हा आपला सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी घडला, तो लाव्हा अजून बाहेरही पडला नव्हता.

शहराचा उजेड असल्यामुळे बुसो यांनी वीस-वीस सेकंदांच्या फ्रेम घेतल्या. सुरुवातीच्या फ्रेममध्ये नेहमीची दीर्घिका होती. नंतरच्या फ्रेममध्ये तिच्या एका भुजेच्या टोकाशी एक बारीक ठिपका दिसू लागला, आणि तो फ्रेमगणिक उजळत गेला. नव्या कॅमेऱ्यात दोष निघणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि माझ्यासारख्याने तर ठिपका पुसून टाकला असता. बुसो यांनी तसे केले नाही; त्यांनी जुन्या छायाचित्रांशी तुलना केली आणि खबर दिली.

तो सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा अखेरचा प्रचंड स्फोट, होता. पण एवढ्यानेच तो विशेष ठरत नाही, कारण सुपरनोव्हा पुष्कळ सापडतात. ते सापडतात मात्र स्फोट होऊन गेल्यावर. ताऱ्याचा गाभा कोसळला तरी बाहेरून काही दिसत नाही. आतून निघालेला धक्का पृष्ठभाग फोडून बाहेर येतो त्या क्षणी पहिला प्रकाश फुटतो. बुसो यांच्या फ्रेममध्ये नेमका तोच क्षण होता: ‘आधी’ही होता आणि ‘नंतर’ही होता. त्या वेळी तेज तासाभरात चौपटीहून अधिक होईल, अशा वेगाने वाढत होते. पुढील दोन महिन्यांत कॅलिफोर्नियातील लिक आणि हवाईतील केक येथील मोठ्या दुर्बिणींनी त्याचे वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंगांनुसार केलेले पृथक्करण, घेतले आणि तो तारा मुळात सूर्याच्या सुमारे वीसपट वस्तुमानाचा असावा, असा निष्कर्ष निघाला. असा क्षण योगायोगाने हाती लागण्याची शक्यता एक कोटीत एक, कदाचित दहा कोटींत एक, असे शास्त्रज्ञांनी म्हटले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात शोधनिबंध आला आणि त्याच्या लेखकांत बुसो यांचेही नाव होते.

आता मला यातली खरी गंमत सांगू द्या. बुसो यांनी निर्मळ काळोख्या माळरानावरून तासाभराची एकच लांबलचक फ्रेम घेतली असती, तर छायाचित्र सुंदर आले असते आणि तो क्षण त्यात विरघळून गेला असता. शहराच्या उजेडामुळे कराव्या लागलेल्या लहान फ्रेमांनीच तो पकडला. म्हणून पुन्हा सांगतो: फ्रेम लहान घ्या, पुष्कळ घ्या, आणि रचून झाल्यावर जागा व्हावी म्हणून कच्च्या फ्रेम पुसून टाकू नका. तारीख आणि वेळ यांसह त्या जपून ठेवा.

एनजीसी ६१३ आपल्याकडूनही दिसते. पुण्याहून ती दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४२ अंश वर येते, आणि ऑक्टोबरच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास तेथे असते. गेल्या वर्षी मी तिच्या ११० फ्रेम घेतल्या. त्यांतल्या अठरा टाकीच्या आड गेल्या, चार उपग्रहांनी खाल्ल्या; उरलेल्या रचल्यावर करड्या पार्श्वभूमीवर एक तिरकी पट्टी आणि तिला बिलगलेली एक अंधुक भुजा उमटली. भुजेच्या टोकाशी काही नव्हते. यंदाही त्या आठवड्यात गच्चीवर जाणार आहे. नमस्कार.