महापालिकेच्या जागेवर आठवणीचं झाड

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं माणूस गेलं की दिवसकार्य उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर, कोणीतरी म्हणतं, "त्यांच्या नावानं एक झाड लावू या." गावाकडे हे जमून जातं. शेताचा बांध असतो, विहीर जवळ असते. अलीकडे कितीतरी कुटुंबं रक्षा नदीत न सोडता शेतातच खड्डा घेतात आणि त्यावर आंबा लावतात. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात रानमळा नावाचं गाव आहे. तिथं मूल जन्मलं, लग्न झालं, लेक सासरी गेली, अशा प्रत्येक प्रसंगाचं झाड लावायची रीत गावानं पाडली. माणूस गेलं की त्याचा स्मृतिवृक्ष. पुढे राज्य शासनानंही हा रानमळ्याचा कित्ता इतर गावांपुढे ठेवला.

पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? गॅलरीत चार कुंड्या, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की जमीन महापालिकेची. ती जागा झाडासाठी मागता येते, हेच अनेकांना ठाऊक नसतं. मग हौसेनं आणलेलं रोप फुटपाथच्या कडेला परस्पर लावलं जातं. खालून पाण्याची नाहीतर गॅसची लाइन गेलेली असते, वर विजेच्या तारा. वर्षभरात खोदाई निघते आणि रोप जातं. त्या घरावर दुसऱ्यांदा आघात होतो, हे मी जवळून पाहिलेलं आहे. म्हणून रीतसर अर्ज करा.

आधी जागा कोणाची ते बघा. पुण्यात टेकड्यांचा बराच भाग वन विभागाकडे आहे, नदीकाठी पाटबंधारे खात्याचा संबंध येतो, कॅन्टोन्मेंटचा कारभार वेगळा. रस्ता, उद्यान, महापालिकेच्या शाळेचं मैदान किंवा स्मशानभूमीचं आवार असेल, तर अर्ज उद्यान विभागाच्या नावानं लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. छापील नमुना मिळाला नाही तर साधा कागद चालवून घ्या. जागेचा फोटो जोडा, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहा, म्हणजे पाहणीला येणाऱ्या माणसाला नेमकी जागा सापडेल. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: विकास आराखड्यात ही जागा रस्तारुंदीत जाते का? जात असेल तर दुसरी जागा मागा. आईच्या नावाचं दहा वर्षांचं झाड रुंदीकरणात पडताना बघण्याची वेळ कोणावर येऊ नये.

अर्जात आपण झाड लावण्याची परवानगी मागतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याच अर्जात तीन वर्षं पाणी घालण्याची जबाबदारीही मागून घ्या. कोण घालणार, त्याचं नाव लिहा. तो गावाला गेला तर कोण, तेही लिहा. जागा देणाऱ्याची खरी काळजी हीच असते, आणि ती रास्त आहे. एका शाळेसमोरच्या रस्त्यावर मी एक लोखंडी जाळी पाहिली. वर स्टीलची पाटी, पाटीवर नाव, जन्म आणि मृत्यूच्या तारखा, खाली "स्नेहांकित परिवार". जाळीच्या आत वाळलेली काठी, चहाचे कागदी कप आणि चिप्सची पाकिटं. लावलं तेव्हा घरच्यांचे डोळे भरून आले असतील. पण पहिल्याच चैत्र-वैशाखात पाणी तुटलं.

झाड कोणतं, यावर घरात बराच खल होतो, आणि व्हावाही. वडिलांना वड प्रिय होता म्हणून सहा फुटांच्या फुटपाथवर वड लावू नका. त्याला मैदान हवं. अरुंद रस्त्याला बकुळ उत्तम. हळू वाढते, बारा महिने हिरवी, आणि फुलं वाळली तरी वास धरून ठेवतात. ताम्हणाचं फूल तर आपलं राज्यपुष्प. बहावा भर उन्हाळ्यात पिवळाधमक होतो आणि पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात. पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका. ऐसपैस जागेला कडुनिंब, करंज, कदंब. गुलमोहर दिसायला देखणा, पण मूळचा मादागास्करचा आणि वादळवाऱ्यात फांद्या टाकणारा. वर्दळीच्या रस्त्यावर मी तो सुचवणार नाही. रोप निदान डोक्याइतकं उंच घ्या, म्हणजे गुरं-शेळ्यांच्या तोंडून वाचतं. पिशवी काढल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ती हातानं मोकळी करून मगच खड्ड्यात ठेवा.

रक्षेबद्दल अनेक जण विचारतात. आधी अधिकाऱ्यांना सांगा, जागा सार्वजनिक आहे. त्यांची हरकत नसेल तर मूठभरच घ्या आणि शेणखत, माती यांत नीट कालवा. रक्षा क्षारयुक्त असते, जास्त झाली तर कोवळी मुळं जळतात.

पाटीसाठी खोडाला खिळा ठोकू नका, तारही बांधू नका. साल वाढते आणि तार आत रुतत जाते. पाटी लावायचीच तर वेगळ्या छोट्या खांबावर, तीही परवानगी घेऊन. बुंध्याभोवती कट्टा बांधायची आणि फरशी घालायची हौस तर टाळाच. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मुळांना पाणी लागतं, हवाही लागते.

एकदा लावलं की ते झाड शहराचं. १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली ते वृक्ष प्राधिकरणाच्या देखरेखीत येतं, आणि आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. फांदी छाटायची तरी तुम्हालाही परवानगी लागेल. काहींना हे खटकतं, मला मात्र यात मोठा आधार वाटतो. उद्या तुम्ही घर विकून दुसरीकडे गेलात तरी कोणालाही ते मनाला येईल तसं तोडता येणार नाही.

सध्या फाल्गुन चालू आहे. अर्ज आत्ताच द्या. पाहणी, शेरे, सही यात वेळ जातो, आणि रोप मृगाच्या पावसात जमिनीत जायला हवं. खड्डा उन्हाळ्यातच घेऊन तापू द्या.

जागा नाही मिळाली तर? मग महापालिकेनंच मागच्या एक-दोन पावसाळ्यांत लावलेलं, तग धरून उभं असलेलं, पण पाण्यावाचून सुकत चाललेलं एखादं रोप आपल्या माणसाच्या नावानं दत्तक मागा. मला स्वतःला हा मार्ग जास्त भावतो. रोपाची मुळं आधीच धरलेली असतात, खोदाई नाही, खर्च थोडा. अर्ज त्याच उद्यान विभागाकडे करायचा. आळं करा, पालापाचोळा पसरा आणि एक दिवसाआड दोन बादल्या पाणी घाला.

नमस्कार.