कानातला बिल्ला

जुन्नर तालुक्यातला एक गोठा. पहाटेचे साडेचार. तीन गाई कुट्टीत तोंड घालून उभ्या आहेत. चौथी गव्हाण झाडून ठेवलेली, पण रिकामी. खुंटीला दावं तसंच आहे. इथली गाय २०२२ च्या पावसाळ्यात लम्पीनं, म्हणजे अंगावर गाठी उठणाऱ्या त्वचारोगानं गेली.

त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात जनावरांच्या अंगावर गाठी दिसल्या, आणि बघता बघता रोग पुणे जिल्ह्यात आला. माश्या, डास, गोचीड यांना वेस कुठली अडवणार? जनावरांचे बाजार बंद झाले, बैलगाडा शर्यती थांबल्या. या भागात पोळा भाद्रपदातल्या अमावस्येला असतो. त्या वर्षी वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. बैल गोठ्यातच पुजले.

सरकारनं मदत जाहीर केली. दगावलेल्या दुधाळ गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,०००, वासरामागे १६,०००. शर्यतीच्या खिल्लाराला लाखांत बोली लागते. सरकारी तक्त्यात तोही ओढकामाचाच बैल! तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. ही मदत फक्त अल्पभूधारकांपुरती ठेवली नाही, सगळ्या पशुपालकांना दिली.

पण पैशाआधी पंचनामा. गाय पडली की दवाखान्यात कळवायचं आणि डॉक्टरांची वाट बघत बसायचं. ते येतात, मेलेल्या गाईशेजारी उकिडवे बसतात, कानाजवळचं रक्त पुसून पिवळा बिल्ला उताणा करतात. त्यावर जनावराच्या ओळखीचे बारा आकडे. एकजण वाचतो, दुसरा लिहितो. मग रंग, वय, शिंगं, किती वेताची. पंचांच्या सह्या. घरात तिला हाक मारायचं एक नाव असतं. त्याला या कागदावर रकाना नाही.

तोवर जेसीबी बांधावर आलेला असतो. खोल खड्डा, खाली चुना, वर चुना. नंतर आधार, पासबुक, अर्ज. रक्कम थेट खात्यात येते. संकरित गाय घ्यायला बाजारात गेलं की तीस हजारांत काय येतं, हे कुठल्याही दूधवाल्याला विचारा.

लसीकरण झालं, तेही फुकट. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली. खास लम्पीची देशी लस बनवण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये पुण्यातल्याच औंधच्या सरकारी संस्थेशी करार झाला.

आता या गोठ्यातली दुसरी गाय बघा. हीसुद्धा त्याच पावसाळ्यात लम्पीनं आजारी होती. वाचली. मानेवर, फऱ्यावर गाठींचे वण अजून बोटाला लागतात. गाभण होती, गाभडली. कास सुजली आणि एक सड कायमचा गेला. आठवडे न आठवडे बादलीत जेमतेम तळ झाकेल एवढंच दूध. औषधाला पैसे गेले ते वेगळे. हिचा पंचनामा कोणी केला नाही, कारण निकष मेलेलं जनावर मोजतात. ही जिवंत आहे.

गोठा सांभाळणाऱ्या मावशी तिच्याखाली बसतात. सवयीनं हात चौथ्या सडाकडे जातो, तिथून मागे फिरतो. तीन धारा बादलीत वाजतात. बाहेर रस्त्यावर डेअरीच्या टेम्पोचा हॉर्न. मावशी बादली उचलतात, पदरानं कडा पुसतात आणि निघतात.