ठोक्यांची शिडी

ईसीजीच्या पट्टीवर आधी छोटा उंचवटा येतो तो पी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची हालचाल, मग जराशी सरळ रेघ आणि मग ते उंच टोकदार क्यूआरएस, खालच्या कप्प्यांची. मधल्या सरळ रेघेत नक्की काय चाललंय ते पट्टी सांगतच नाही आणि ठोके चुकण्याच्या कितीतरी भानगडी तिथेच असतात. म्हणून पट्टीखाली शिडी काढतात, लॅडर डायग्राम. तीन मजले, वर एट्रिया म्हणजे वरचे कप्पे, खाली व्हेंट्रिकल्स म्हणजे खालचे कप्पे, मधे एव्ही नोड, वरचा सिग्नल खाली पाठवणारी छोटी गाठ. विजेचा सिग्नल वरून खाली उतरतो ती तिरकी रेघ, जितकी आडवी झुकली तितका उशीर, आणि मधेच अडला तर रेघ तिथेच तोडून छोटी आडवी खूण.

रेल्वेच्या कंट्रोल रूममधला चार्ट बघितलाय? एकीकडे स्टेशनं, दुसरीकडे वेळ आणि प्रत्येक गाडीची तिरकी रेघ, अगदी तसंच. पॅरिस-ल्योन गाड्यांचा असा चार्ट फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारेने पुस्तकात छापला होता, आणि १८६० मध्ये मनगटाची नाडी कागदावर उमटवणारं यंत्र करणारा मारे तो हाच.

पण मला सगळ्यात थोर वाटतो तो डच डॉक्टर वेंकेबाख. साल १८९९, दवाखान्यात ईसीजी यायचाच होता, एव्ही नोडही कुणाला सापडलेला नव्हता. हातात फक्त एका बाईंच्या नाडीचा आलेख, ठरावीक ठोक्यांनंतर एक गाळणारी नाडी. हॉलंडमधल्या उट्रेख्टला शरीरशास्त्रज्ञ एंगेलमानच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या हृदयावर काय दिसतं ते त्याला माहीत होतं, त्यात त्याने बारकाईने मोजलं तर गाळलेल्या जागेची पोकळी दोन ठोक्यांपेक्षा कमी भरत होती! म्हणजे सिग्नल दर ठोक्याला जास्त रेंगाळतोय, शेवटी एक अडकतो, थोडी विश्रांती मिळते की पुन्हा चटकन जातो. शिडीवर काढून बघा, पहिली रेघ उभी, दुसरी झुकलेली, तिसरी अजून झुकलेली, चौथी अर्ध्यात बंद, मग परत उभी. नुसत्या नाडीवरून हे ओळखलं त्याने.

एव्ही नोड १९०६ मध्ये जपानच्या तावाराने जर्मनीत दाखवला. पुढे लंडनच्या थॉमस लुईसने ईसीजीखाली या आकृत्या इतक्या काढल्या की त्यांना लुईस लाइन्सच म्हणायला लागले. तरी मधला मजला अंदाजानेच काढायचा, १९६९ मध्ये शेरलाग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पायाच्या शिरेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी सरकवून हिस बंडलचा, म्हणजे नोडच्या लगेच खालच्या तंतूंच्या जुडीचा सिग्नल टिपला, तेव्हापासून उशीर नोडमधे होतोय का त्याच्या खाली हे मोजून सांगता येतं.