ऐकून घेण्याची तालीम

(दृश्य : धुक्यात बुडालेली धावपट्टी. दूरवर दिव्यांचे पुसट ठिपके.)

27 मार्च 1977. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरील विमानतळात बॉम्बस्फोट झाल्यामुळे तिकडे निघालेली विमाने या लहानशा तळावर वळवण्यात आली होती, आणि आता धुके दाटून येत असताना ती परत निघण्याच्या खटपटीत होती. केएलएम या डच विमान कंपनीचे जम्बो विमान धावपट्टीच्या टोकाशी उड्डाणाच्या तयारीत उभे होते. पॅन अमेरिकनचे दुसरे जम्बो त्याच धावपट्टीवर समोरून हळूहळू चालत येत होते. दोघांना एकमेकांची विमाने दिसत नव्हती आणि कंट्रोल टॉवरला दोन्ही दिसत नव्हती. तिघांमध्ये दुवा होता तो फक्त रेडिओवरच्या शब्दांचा.

केएलएमच्या कॅप्टनला पुढच्या मार्गाची मंजुरी मिळाली होती, उड्डाणाची नव्हती. तरीही विमान धावू लागले. मागच्या आसनावरील फ्लाइट इंजिनिअरने रेडिओवरचे बोलणे ऐकले होते. त्याने विचारले, “तो अजून बाहेर पडला नाही का?” कॅप्टन म्हणाला, “काय म्हणालास?” इंजिनिअरने प्रश्न पुन्हा केला, “ते पॅन अमेरिकनचे विमान, ते बाहेर पडले नाही का?” उत्तर ठाम आले, “पडले की.” इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. थोड्याच सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मृत्युमुखी पडली.

हे संभाषण डच भाषेत झाले होते आणि ते ध्वनिमुद्रित झाल्यामुळे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यातली खटकणारी गोष्ट अशी की, प्रश्न कॅप्टनच्या कानापर्यंत पोहोचला नाही असे म्हणता येत नाही. तो दोनदा विचारला गेला आणि दोन्ही वेळा त्याला प्रतिसादही मिळाला. हा कॅप्टन कंपनीत जम्बो विमानांच्या वैमानिकांना प्रशिक्षण देणारा सर्वांत ज्येष्ठ अधिकारी होता, आणि शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा त्यानेच काही आठवड्यांपूर्वी घेतली होती. परीक्षकाला चूक दाखवायची, तीही इंजिने गरजत असताना, हे कोणत्याही देशात सोपे नाही.

(दृश्य : कार्यालयातील लांब टेबल. बंद दाराआडून ऐकू येणारी अस्पष्ट बोलणी.)

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. एक कानांचा आणि दुसरा आज्ञापालनाचा. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा मुलाचे कान तपासून घ्यावेत असे कोणी सुचवत नाही. ‘साहेबांचे ऐकावे’ या वाक्यात ऐकायचे कोणी आणि कोणाचे, हे ठरलेलेच असते. साहेबांनी ‘ऐकवले’ म्हणजे तर आपली खरडपट्टीच निघाली. उलट दिशेने, म्हणजे वरच्याने खालच्याचे बोलणे लक्ष देऊन समजून घेणे, यासाठी आपल्याला ‘ऐकून घेणे’ असा जोडशब्द वापरावा लागतो, आणि त्याचाही एक अर्थ मुकाट्याने बोलणी खाणे असा आहे. कामाच्या ठिकाणी संवाद सुधारण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या कार्यशाळांचे मर्म या दिशेत आहे, आणि ते प्रथम ज्यांना उमजले ते वैमानिक होते. त्यांना ते फार महाग पडले.

टेनेरिफनंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, 28 डिसेंबर 1978 रोजी, युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-8 जातीचे विमान 189 जणांना घेऊन अमेरिकेतील पोर्टलंड शहरावर पोहोचले. चाके खाली सोडताना मोठा आवाज झाला आणि ती नीट बसली आहेत की नाहीत, याची खात्री पटेना. कॅप्टनने विमान हवेतच घिरट्या घालत ठेवले आणि चाकांची तपासणी, प्रवाशांची तयारी, कर्मचाऱ्यांना सूचना या सगळ्यात सुमारे तासभर घालवला. त्या तासात इंधन उतरत होते. आणखी पंधरा मिनिटे थांबण्याचा विषय निघाला, तेव्हा तेवढे इंधन पुरणार नाही असे फ्लाइट इंजिनिअर म्हणालाही. पण ते सांगणे एखाद्या नोंदीसारखे होते. ‘आत्ता उतरा’ असे कोणी म्हटले नाही. अखेर एकेक इंजिन बंद पडले आणि विमान उपनगरातील झाडांमध्ये कोसळले. दहा जण दगावले. त्यांत तो फ्लाइट इंजिनिअरही होता.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती केवळ कॅप्टनला दोष दिला नाही. त्याने सहकाऱ्यांच्या सूचनांना योग्य प्रतिसाद दिला नाही हे नोंदवतानाच, उरलेल्या दोघांना आपली काळजी त्याच्यापर्यंत पुरेशा स्पष्टपणे पोहोचवता आली नाही, हेही अहवालात आले. कॅप्टनने सहकाऱ्यांना निर्णयात सामील करून घ्यावे आणि सहकाऱ्यांनी ठामपणे बोलावे, या दोन्ही गोष्टींचे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस मंडळाने केली. तोवर वैमानिकाला विमान चालवायला शिकवत असत. शेजारच्या माणसाशी बोलायला शिकवावे लागेल, असे कोणाच्या गावी नव्हते.

(दृश्य : वर्गखोली. फळा. गोलाकार मांडलेल्या खुर्च्या.)

जून 1979 मध्ये नासाने सॅन फ्रान्सिस्को येथे याच प्रश्नावर कार्यशाळा भरवली. विमान सुस्थितीत आणि वैमानिक निष्णात असूनही अपघात होतात, ते नेतृत्व, निर्णय आणि आपसांतील संवाद ढासळल्यामुळे, हे तिथे मांडले गेले. 1981 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांसाठी पहिला सविस्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्याला पुढे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे नाव रूढ झाले. वैमानिक आजही त्याला नुसते सीआरएम म्हणतात.

सुरुवातीला या वर्गांची यथेच्छ टिंगल झाली. अनेक वैमानिकांनी त्यांना शिष्टाचार शिकवणारी शाळा ठरवले, आणि खरे सांगायचे तर त्यांचे अगदीच चुकत नव्हते. आपण चंद्रावर अडकलो आहोत असे समजून कोणते सामान बरोबर घ्यावे हे गटाने ठरवायचे, असले खेळ त्या वर्गांत असत, आणि हजारो तास विमान चालवलेल्या माणसाला चंद्रावरच्या सामानात काय रस असणार? हे प्रशिक्षण रुजले ते खेळातून बाहेर पडून सिम्युलेटरमध्ये शिरल्यावर. तिथे संपूर्ण उड्डाण खरेखुरे असल्यासारखे चालवायचे, मध्येच बिघाड उभा करायचा, आणि नंतर ध्वनिचित्रमुद्रण लावून कोण काय बोलले आणि कोणी ते ऐकले, हे त्याच मंडळींनी बसून पाहायचे. आपण कनिष्ठाचे वाक्य अर्ध्यात तोडले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की वाद घालायला जागा उरत नाही.

या वर्गांत बोलण्याची एक रीत घोटून घेतली जाते. आधी समोरच्याला हाक मारायची, मग दिसते ते आकड्यांसह सांगायचे, मग काय करायला हवे ते सांगायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. ‘सर, इंधन जरा कमीच वाटते, नाही का?’ हे वाक्य आदबशीर आहे, पण त्यातले ‘जरा’, ‘वाटते’ आणि ‘नाही का’ हे तिन्ही शब्द धोक्याला मऊ करतात. त्याऐवजी ‘कॅप्टन, इंधन पंधरा मिनिटांचे आहे, आत्ता उतरायला हवे’ असे म्हणायला शिकवतात. आपल्याकडे मोठ्यांना उलटून बोलू नये हे बाळकडू असल्यामुळे हे दुसरे वाक्य जिभेवर यायला तालीम लागते. आणि तेवढीच तालीम कॅप्टनलाही लागते, कारण ते वाक्य त्याला अपमान म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून ऐकायचे असते.

19 जुलै 1989 रोजी या तालमीची परीक्षा झाली. युनायटेडच्याच डेन्व्हर-शिकागो विमानाचे शेपटाकडचे इंजिन फुटले आणि विमान वळवणारी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. कॅप्टन आल हेन्स यांनी प्रवाशांमध्ये बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेतले, त्याच्या हाती इंजिनांचा जोर कमीजास्त करणारे थ्रॉटल दिले, आणि चौघांनी मिळून ते विमान आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. उतरताना ते मोडून पेटले, तरी 296 पैकी 184 जण वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर या प्रशिक्षणाला श्रेय देत राहिले.

प्रशिक्षण असते तिथे प्रश्न सुटतो, असे मात्र नाही. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि 158 जणांचा मृत्यू झाला. सहवैमानिकाने उतरू नका, पुन्हा वर घ्या, असे तीन वेळा सांगूनही कॅप्टनने विमान उतरवले, असे चौकशीत निष्पन्न झाले. इथे बोलणारा बोलला होता.

(दृश्य : औद्योगिक वसाहतीतील प्रशिक्षण कक्ष. चहाचे कागदी कप, गळ्यातील ओळखपत्रे.)

कॉकपिटमधली ही शिकवण शस्त्रक्रियागृहांत गेली, आणि आपल्या कारखान्यांत व कार्यालयांतही संवादकौशल्याच्या कार्यशाळा भरतात. त्यांतला एक जुना प्रयोग मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलेला आहे. त्याचा नियम एवढाच की, समोरच्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल अशा रीतीने पुन्हा सांगितल्याशिवाय आपले म्हणणे मांडायचे नाही. समजा, उत्पादन विभागाचा माणूस म्हणतो, “मशिन बंद पडल्याचे कळवूनही तुमचा माणूस तासाभराने आला.” देखभाल विभागाचा माणूस ते असे सांगतो, “म्हणजे आम्ही कामचुकार आहोत, असे तुमचे म्हणणे.” पहिला म्हणतो, “असे मी म्हटलेले नाही.” पुन्हा प्रयत्न, पुन्हा नकार. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो ‘तासाभराने’ या शब्दापाशी पोहोचतो आणि मग स्वतःच विचारतो, “कळवले किती वाजता होते?” भांडण तिथून कामाकडे वळते.

अशा कार्यशाळांना बहुधा कनिष्ठांनाच धाडतात आणि साहेब उद्‌घाटनाचे चार शब्द बोलून बैठकीला निघून जातात. मंगळुरूच्या अपघाताकडे पाहिले, तर खुर्ची कोणाची रिकामी राहायला नको, ते कळते.

(दृश्य : रात्र. आडबाजूचे रेल्वे स्थानक. जुना फोन.)

आपल्या रेल्वेत हे ऐकून घेणे कार्यशाळेचा विषय नाही, कामाचा भाग आहे. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक समोरच्या सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही तो दिसत असतो, तरी सांगतात. जिथे फाटक सिग्नलशी जोडलेले नसते, तिथे स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून गाडी येत असल्याचे कळवतो. फाटक बंद झाले की गेटमन तसे सांगतो आणि त्याची खूण म्हणून आपल्याजवळच्या छापील तक्त्यातला एक आकडा देतो, ज्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मास्तर तो आकडा वहीत लिहून घेतो. गेटमन आपल्या तक्त्यावर त्या आकड्यावर रेघ मारतो. मग सिग्नल दिला जातो.