चियानलिंगचे दगडी पहारेकरी

(ड्रोन: डोंगर आणि सरळ वाट)

चीनच्या शान्शी प्रांतातला हा लिआंगशान. उत्तरेकडच्या सर्वांत उंच शिखराच्या पोटात तांग घराण्याचा सम्राट गाओझोंग आणि त्याची राणी वू झेतियान यांची कबर आहे. हीच चियानलिंग. पुढे चीनची सम्राज्ञी म्हणून गादीवर बसलेली ती एकमेव स्त्री. मातीचा ढीग रचण्याऐवजी स्थपतींनी अख्खा डोंगरच वापरला. समोरच्या दोन बुटक्या टेकड्या म्हणजे आयतीच वेस. त्यांवर मनोरे चढवले की प्रवेशद्वार तयार!

(वाटेवरून पुढे)

अष्टकोनी खांब. मग पंखांचे घोडे. जरा जवळून बघा, पंखाची वळणं थेट खांद्यातून फुटली आहेत. पाथरवटाने हे दगडात किती सहज उतरवलंय! पुढे शिळेवर कोरलेले शहामृग, खोगीर चढवलेले घोडे, आणि दहा जोड्या पहारेकऱ्यांच्या. माणसाच्या दुपटीहून उंच, दोन्ही हात तलवारीच्या मुठीवर, टोक जमिनीला टेकलेलं.

(दोन शिलास्तंभ)

पश्चिमेकडचा सात भाग जोडून उभा केलेला. त्यावर वू झेतियानने पतीचं चरित्र कोरून घेतलं. पूर्वेकडचा साडेसात मीटर उंच, अखंड, माथ्यावर आठ ड्रॅगन एकमेकांत गुंतलेले. त्यावर तिच्या काळातलं एक अक्षरही नाही. पुढच्या शतकांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मात्र मजकूर कोरले. त्यांतला एक 1134 सालचा, उत्तरेकडच्या खितान लोकांच्या लिपीतला.

(पुतळ्यांच्या रांगा)

हे 61 परदेशी पाहुणे. पश्चिमेला 32, पूर्वेला 29. हात जुळवलेले, कमरेला पट्टे. जवळपास सगळ्यांची डोकी गेलीत. पाठीवर नाव आणि देश कोरलेला होता. मोजकीच नावं आता वाचता येतात.

1958 साली शेतकरी रस्त्यासाठी खडक फोडत होते, तेव्हा कबरीच्या बोगद्याचं तोंड सापडलं. दगड एकावर एक रचून, लोखंडी पट्ट्यांनी जखडून, फटींत वितळलेलं लोखंड ओतलेलं. आतली दालनं अजून कुणी उघडलेली नाहीत, आणि ती तशीच राहू द्यावीत. त्याच दशकात बीजिंगजवळची मिंग काळातली दिंगलिंग कबर उघडली, तर आतलं रेशीम हवा लागून खराब झालं. खणायला लागणारा पैसा आणि माणसं आधी या उघड्या रांगांकडे वळवा. पाठीवरची उरलेली अक्षरं पावसाने पुसायच्या आत नोंदवून घ्या.