रक्षाविसर्जन आणि आवडीची जागा

मंडळी, आपल्याकडं कुणी गेलं की संध्याकाळपर्यंत फोनवर निरोप फिरतो आणि त्याची शेवटची ओळ ठरलेली असते: 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता, संगम माहुली.' कराडला प्रीतिसंगम, सांगलीकडं हरिपूर. जागा आणि वेळ इतकी पक्की असते की 'आईला कासच्या पठाराचं केवढं वेड होतं' हे कुणाला तरी आठवतं ते चौथ्या दिवशी, सगळं नदीत गेल्यावर. म्हणून पहिली गोष्ट हीच: सावडायला जाण्याच्या आदल्या रात्री घरात विचारा, आवडीच्या जागी न्यायला काही मागं ठेवायचं आहे का? आणि असेल तर किती?

किती, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. माणसाचं शरीर जळून जे खनिज उरतं ते अडीच-तीन किलोच्या घरातलं, जवळजवळ सगळं हाडांचं, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. बाकी राख सरपणाची. लाकडाची राख वजनाच्या शेकडा एक-दोन. तीनशे किलो लाकूड असेल तर तीन ते सहा किलो. शेणीचं, म्हणजे गोवऱ्यांचं, गणित वेगळं. शेणीत माती-वाळू असते, तिची राख शेकडा वीसच्या आसपास पडते. शंभर किलो शेणी लावल्या की वीस किलो राख. पोत्यांनी आणि पाट्यांनी भरून आपण नदीत जे सोडतो त्यात आपलं माणूस एखाद्या पाटीइतकंही नसतं. स्पष्टच सांगतो: आवडीच्या जागी राख न्यायची नसतेच, अस्थी न्यायच्या असतात आणि त्याही ओंजळभर. पाव किलो पुष्कळ झाल्या. बाकीच्याचं काय करायचं ते रीतीप्रमाणे करा.

आता सावडणं. हल्ली तिसऱ्या दिवसाची वाट न बघता दुसऱ्याच सकाळी उरकतात. शेणीच्या राखेखाली निखारा रात्रभर जिवंत राहतो. वरून राख गार लागली म्हणून हात घातला की भाजतं, प्लॅस्टिकची पिशवी वितळते. आधी लांब काठीनं चाळवून बघा. पाणी शिंपडायचं तर कडेनं, थोडं थोडं. भस्सकन ओतलं की गरम राख अंगावर उडते. अस्थी वेचताना दोन रंग दिसतील. पांढऱ्या खडूसारख्या आहेत त्या पुऱ्या जळालेल्या, बोटानं दाबल्या तरी चुरतात. काळसर आहेत त्यांत कोळसा राहिलेला असतो, त्या सहज फुटत नाहीत. मागं ठेवायच्या त्या पांढऱ्याच घ्या.

बरोबर चाळण आणि एखादं लोहचुंबक न्या. खिळे, तारा, हूक चुंबकाला लागतात. पण मांडीत घातलेला रॉड, गुडघ्याची वाटी, हाडातले स्क्रू बहुधा लागत नाहीत, कारण शस्त्रक्रियेतलं पोलाद आणि टायटॅनियम चुंबकाला दाद देत नाही. ते डोळ्यांनीच शोधायचे. पेसमेकर असेल तर मात्र ही वेळ येऊ देऊ नका. त्याची बॅटरी चितेत फुटते, तो अग्नी देण्याआधी काढून घ्यायचा असतो.

वेचलेल्या अस्थींवर दूध-पाणी घालायची रीत आहे. घाला, पण नंतर साध्या पाण्यानं धुवा आणि कागदावर पसरून दिवसभर सुकवा. ओल्याच स्टीलच्या डब्यात घातल्या की दूध नासतं, वास सुटतो, बुरशी धरते. मातीचं मडकं आणि वर सुती कापड हेच बरं. मडक्यावर नाव आणि तारीख लिहायची लाज वाटू देऊ नका. स्मशानात एकाच दिवशी चार मडकी टांगलेली असतात.

अस्थी बारीक करायच्या की नाही हा घराघराचा प्रश्न. काहींना ते जिवावर येतं. मग उघड्यावर टाकू नका, पुरा. हाडाचा ओळखू येणारा तुकडा पायवाटेवर दिसला की भटकणाऱ्यांची पाचावर धारण बसते आणि प्रकरण पोलीसपाटलापर्यंत जातं. बारीक करायचं असेल तर जाड कापडात बांधून दगडानं ठेचा, चाळून घ्या. घरचा खलबत्ता नको.

आता जागा. माणसाला जागा आवडत होती, हे झालं. जागेला ही राख मानवते का, हे कुणी विचारत नाही.

कासचंच घ्या. तिथं जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा, आम्लधर्मी आणि पोषणाच्या बाबतीत उपाशी. म्हणून तर तिथली दवबिंदू आणि सीतेची आसवं ही रोपं किडे पकडून पोट भरतात. तिथं राख-अस्थींतलं फॉस्फेट, पोटॅश आणि चुना टाकणं म्हणजे उपाशीपणावर जगणाऱ्या झाडांच्या पानात जेवण वाढून त्यांचं घर गवताला देणं. एका मुठीनं पठार बुडणार नाही, पण आवड असणारी माणसं हजारांनी आहेत. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा हा भाग आहे आणि शेजारचा कास तलाव सातारा शहराला पाणी पाजतो. तेव्हा पठारावर नको, तलावात तर नकोच. तिथं नुसतं जाऊन बसा, अस्थी दुसरीकडं. कोयना आणि चांदोलीच्या जंगलात शिरायलाच वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढा.

कड्यावरची हौस फार असते. पाटण तालुक्यातला सडावाघापूरचा उलटा धबधबा बघितला असेल. पावसाळ्यात दरीतून वर चढणारा वारा पाणी परत माथ्यावर फेकतो. जो वारा पाण्याचं हे करतो तो राखेचं काय करील? कड्याच्या टोकावर उभं राहून ओंजळ सोडली की ती सोडणाऱ्याच्या आणि मागच्या आत्याबाईंच्या डोळ्यांत जाते. ऊन तापलं की दरीतला वारा वर चढतो, म्हणून उन्हाळ्या-हिवाळ्यात सूर्योदयापासून नऊपर्यंतची वेळ धरा. काठापासून दहा-पंधरा पावलं आत थांबा, वाऱ्याकडं पाठ करा, उकिडवं बसा आणि हात गुडघ्याच्या खाली ठेवून सोडा. त्याहून सोपं म्हणजे अस्थींच्या चुऱ्यात दुप्पट ओलसर माती आधीच कालवून न्या, उडतच नाही. राख क्षारयुक्त असते, घामाच्या हातानं डोळा चोळला की झोंबते. बाटलीभर पाणी त्यासाठी वेगळं ठेवा.

शेताबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडं बहुतेकांची आवडीची जागा म्हणजे स्वतःचं रान. ही कल्पना नवी नाही. नेहरूंनी १९५४ च्या इच्छापत्रात आपल्या रक्षेचा बराचसा भाग विमानातून शेतांवर पसरावा असं लिहून ठेवलं होतं. आणि पसरावा हाच शब्द बरोबर आहे. आपण काय करतो? एक खड्डा खणतो, दोन पाट्या राख ओततो, वर आंब्याचं रोप लावतो. महिन्याभरात रोप करपतं आणि घरात भलतीच कुजबुज सुरू होते. कारण साधं आहे: साठलेल्या क्षारानं कोवळ्या मुळ्या जळतात. राख गुंठ्याला दहा किलोंच्या वर जाऊ देऊ नका. चितेची सगळी राख शेतातच जिरवायची तर तीन-चार गुंठे लागतात. विस्कटा, कुळव फिरवा, त्याच आठवड्यात युरिया टाकू नका, नाहीतर त्यातला नत्र वाफ होऊन जातो. रोप लावायचंच असेल तर दोन फूट खड्ड्यात एक भाग राखेला निदान दहा भाग माती, आणि अस्थी मुळांपासून हातभर लांब.

मातीही बघा. जावळी-पाटणच्या तांबड्या आम्ल मातीला थोडी राख मानवते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात मात्र नको, तिला किंचित आंबट मातीच आवडते. आणि वाळवा-मिरजेकडच्या कृष्णाकाठी, जिथं आधीच रान क्षारपड झालंय, तिथं राख म्हणजे दुखण्यावर दुखणं. माती परीक्षणात सामू (पीएच) साडेआठच्या वर असेल तर शेताचा नाद सोडा.

नदीचं थोडक्यात. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागच्या साठलेल्या पाण्यात टाकलेली राख तिथंच तळाला बसते. वाहतं पाणी बघा, गावाचं पाणी उपसणाऱ्या जॅकवेलच्या वरच्या अंगाला नको. पावसाळ्यात धरणाचा विसर्ग विचारून जा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका. पाणी चढतं असताना घाटाची पायरी उतरू नका. मडकं आणि लाल कापड पाण्यात सोडायचं नाही, हारातला दोरा-प्लॅस्टिक तर मुळीच नाही.

एक शेवटचं. डोंगरावर बारा माणसं असतात आणि मडकं एकाच्या हातात. पोरंटोरं, सुना, जुने मित्र मागं राहतात. घरूनच पाव किलो चुऱ्याच्या वीस-वीस ग्रॅमच्या बारा कागदी पुड्या करून न्या, ज्याची त्याला द्या. आणि उतरताना कागद मोजून परत घ्या. बारा दिले असतील तर बारा.