२२ पानांत अख्खी फौज

(दृश्य : कॉमिकचं उघडं पान. कॅमेरा एकेका चौकटीवरून सावकाश सरकतो.)

दर महिन्याला एक अंक, आणि अंकात जेमतेम वीस-बावीस पानं. अमेरिकन सुपरहिरो कॉमिकमध्ये नायक एकटा असला की तेवढी पुरतात. पण ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’? १९५८ साली तिघांना घेऊन अवतरलेला हा संघ पुढे वीसच्या वर गेला. प्रत्येकाला एकेक पान वाटून दिलं, तर गोष्ट सांगायची कुठे?

(दृश्य : कोऱ्या कागदावर पेन्सिलने चौकोन आखले जातात.)

ही मालिका वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या पॉल लेविट्झ यांनी त्यासाठी तक्ता वापरला. एका बाजूला अंक, दुसऱ्या बाजूला कथानकं. ‘ए’ म्हणजे मुख्य कथानक, त्याला सर्वांत जास्त पानं. ‘बी’ला त्याहून कमी. ‘सी’ची नुसती चाहूल, दोन-चार चौकटींची. ‘ए’ मिटलं की ‘बी’ वर सरकतं, ‘सी’ त्याच्या जागी येतं.

पानांचा हिशेब तक्त्याने सुटतो. माणसं मात्र लेखकालाच सांभाळावी लागतात, आणि त्यासाठी मला ‘एक्स-मेन’ या दुसऱ्या सुपरहिरो-संघाच्या मालिकेकडे वळावंसं वाटतं.

(दृश्य : बर्फाळ प्रदेश. वाऱ्याचा आवाज.)

ख्रिस क्लेअरमॉंट यांनी ही मालिका १९७५ ते १९९१ लिहिली. १९७८ मध्ये, जॉन बर्न यांच्या चित्रांसह, त्यांनी संघ फोडला. संघाचा शत्रू मॅग्नेटो याचा अंटार्क्टिकातला तळ कोसळतो. संघातले जीन ग्रे आणि बीस्ट एकीकडे निसटतात, बाकीचे दुसरीकडे. दोन्ही गटांना वाटतं, पलीकडचे मेले.

केवढी जागा मोकळी झाली बघा! गर्दी पांगली, आणि जे कधी एकमेकांशी निवांत बोलले नव्हते ते बोलू लागले. जीनचा प्रियकर सायक्लॉप्स संघातल्याच स्टॉर्मपाशी कबूल करतो की जीन गेली तरी आपल्याला हवं तसं दुःख होत नाहीये. त्या पानावर एकही ठोसा नाही. मला ते सगळ्या मारामाऱ्यांहून जड वाटतं.

तिकडे जीन एकटी पडलेली. स्कॉटलंडमध्ये तिला जेसन विनगार्ड नावाचा एक रुबाबदार गृहस्थ भेटतो. मग मध्येच ती स्वतःला अठराव्या शतकातल्या पोशाखात पाहते. मोजक्याच चौकटी, की लगेच इतरांची लढाई सुरू. विनगार्ड खरं तर मास्टरमाइंड, भ्रम निर्माण करणारा जुना शत्रू. १९८० मध्ये हाच धागा मुख्य कथानक होतो आणि १३७व्या अंकात, चंद्रावर, जीन स्वतःचा जीव देते.

क्लेअरमॉंट यांचे काही धागे वर्षानुवर्षं लोंबकळत राहिले, हेही खरं. वाचकाला उधारी लक्षात राहते. हा धागा मात्र त्यांनी पुरता फेडला.

(दृश्य : १९७९ चा अंक. दोन पात्रांवर कॅमेरा थांबतो.)

तो अंक पुन्हा उघडा. जीन हसतेय. शेजारी विनगार्ड उभा आहे, आणि तिला सावध करायला संघातलं कुणीही जवळ नाही.